परसातील भाजी आणि डोंगरातील वाट: अकोले तालुक्यातील चार दिवस कसे आखावेत

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील सहा जणांचे कुटुंब, त्यात सत्तरीच्या जवळ आलेले आई-वडील आणि तेरा व नऊ वर्षांची दोन मुले. चार दिवस अशा भागात जायचे आहे, जिथे दिवसा डोंगरात चालता येईल आणि दोन्ही वेळचे जेवण त्याच घराच्या परसात व शेतात पिकलेल्या धान्या-भाज्यांचे असेल. कोणता भाग निवडावा, कोणत्या महिन्यात जावे आणि जेवणाची व्यवस्था खरोखर तशी होईल याची खात्री कशी करावी, असे आपण विचारता. गेली बावीस वर्षे मी लहान गटांना घेऊन सह्याद्रीत जाते आणि त्यांतील बहुतेक मुक्काम हॉटेलात न करता गावातील घरांत करते. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

माझा सल्ला असा की आपण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग निवडावा, म्हणजे भंडारदरा, रतनवाडी, राजूर आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे पाचनई हा पट्टा. महिना डिसेंबरचा असावा, परंतु नाताळाची गर्दी सुरू होण्यापूर्वीचा. मुक्काम दोनच घरांत करावा, तीन नव्हे. आणि गडांची यादी करण्याआधी त्या घरी फोन करून "सध्या परसात काय आहे?" एवढा एकच प्रश्न विचारावा. बहुतेक लोक आधी गड ठरवतात, मग सुटीची तारीख ठरवतात आणि जेवणाचा विचार अगदी शेवटी करतात. म्हणूनच त्यांच्या पानात बाजारातील बटाटा पडतो. आपल्याला परसातील भाजी हवी असेल तर हा क्रम उलटा करावा लागेल.

हाच भाग का, याचे कारण पावसात आणि जमिनीत आहे. घाटघर, रतनवाडी, साम्रद ही गावे कोकणात उतरणाऱ्या सह्याद्रीच्या कड्यालगत आहेत आणि तिथे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला अकोल्याकडे यावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. वरच्या अंगाला खाचरांत भात, उतारावर नागली आणि वरई (नाचणीला इकडे नागली म्हणतात), त्यालगत खुरासणी (कारळे), उडीद आणि हुलगा (कुळीथ) अशी पिके असतात. हे सारे पावसाच्या पाण्यावर येते. प्रवरा रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणात अडते आणि तिचे पाणी कालव्यांनी खालच्या उसाच्या पट्ट्यात जाते. हे धरण 1926 साली पुरे झाले. म्हणजे ज्या गावांवर एवढा पाऊस पडतो, त्या डोंगरगावांना हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बागायतीसाठी पाणी जवळजवळ नसतेच. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण इथली परसबाग कशी असते हे त्यावरून कळते.

इथल्या परसबागेत आपल्याला वाफ्यांच्या सरळ ओळी दिसणार नाहीत. मोरीचे सांडपाणी जिथे जाते तिथे अळू आणि एखादी केळ असते. कुडाला टेकवलेल्या काटक्यांवर घेवड्याचा वेल चढतो, मांडवावर दोडका आणि काकडी असते, गोठ्याच्या किंवा पडवीच्या छपरावर भोपळा पसरलेला असतो. शेणखताच्या उकिरड्याजवळ वालाचा वेल लावलेला असतो आणि तो पाहता पाहता शेजारच्या झाडावर जातो. दोन-चार मिरच्यांची झाडे, एक शेवगा आणि चुलीजवळच्या भांडी घासण्याच्या जागेलगत मूठभर कोथिंबीर, एवढाच हा पसारा असतो. दिसायला तो विस्कळीत वाटतो, परंतु प्रत्येक वेल जिथे आहे तिथे पाण्याच्या, खताच्या किंवा आधाराच्या कारणानेच आहे. अशी बाग पाच-सहा माणसांच्या घराला वर्षातील सात-आठ महिने पुरते. पाहुण्यांसाठी ती केलेलीच नसते, आणि ही मर्यादा आपल्या आखणीच्या मुळाशी ठेवावी लागते.

या मर्यादेचा धडा मी फार महाग शिकले. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मार्गशीर्षात मी चौतीस जणांचा गट एका वाडीत नेला होता. आदल्या रात्री केवळ संख्या कळवली होती आणि "गावरान भाजी हवी" असा आग्रह धरला होता. जेवण अतिशय चांगले झाले. पांढऱ्या घेवड्याची सुकी भाजी सर्वांनी मागून मागून खाल्ली. पुढच्या वर्षी मी आठ जणांना घेऊन त्याच घरी गेले, तेव्हा कुडावर वेल नव्हता. घरातील मावशींनी कोणताही दोष न देता सांगितले की त्या दिवशी शेंगा पुऱ्या पडेनात, म्हणून बियाण्यासाठी वेलावर राखलेल्या, चिंधी बांधलेल्या शेंगाही तोडल्या होत्या. शेजारच्या दोन घरांतही ते वाण उरले नव्हते. पाहुण्याला नाही म्हणायचे नाही, ही त्या घराची रीत; आणि चौतीस माणसे नेऊन त्या रीतीवर एवढा भार टाकणे ही सर्वस्वी माझी चूक होती. त्या दिवसापासून एका घरी आठांपेक्षा जास्त माणसे मी नेलेली नाहीत. आपण सहा जण आहात, ही संख्या अगदी योग्य आहे.

आता महिन्यांविषयी सविस्तर लिहिते, कारण संपूर्ण प्रवासाचे यशापयश यावरच अवलंबून आहे.

ज्येष्ठ-आषाढात परसात खाण्याजोगे जवळजवळ काहीच नसते. त्या वेळी वेल नुकते लावलेले असतात आणि घरे रानभाज्यांवर चालतात. आधी कोवळा टाकळा, कुरडू, फोडशी, चाईचा मोहोर, भारंगी आणि पुढे श्रावणाकडे करटुली, असा तो क्रम असतो. ही जेवणे अप्रतिम असतात. परंतु त्या दिवसांत आवणी चालू असते, घरातील सगळे गुडघाभर चिखलात भात लावत असतात, वाटा निसरड्या असतात आणि कडे धुक्यात असतात. लहान मुले व वृद्ध सोबत असताना मी त्या काळात मुक्कामाचा सल्ला देत नाही. भाद्रपदाच्या मध्यापासून आश्विनापर्यंत काकडी, दोडका, भोपळा, अळू यांचे दिवस असतात. सोनकी आणि खुरासणीच्या पिवळ्या फुलांनी उतार भरतात, ओढे वाहते असतात. चालण्यासाठी हा सर्वांत देखणा काळ आहे, मात्र दुपारनंतरच्या परतीच्या पावसाची तयारी ठेवावी लागते.

दिवाळीच्या सुटीत लोक हमखास येतात आणि मला नेमका तोच काळ टाळावासा वाटतो. त्या दिवसांत भाताची कापणी आणि झोडणी सुरू असते. घरातील बाई पहाटे स्वयंपाक उरकून शेतावर जाते आणि अंधार पडताना परतते. अशा वेळी दुपारी दोन वाजता गडावरून उतरून गरम भाकरीची अपेक्षा करणे म्हणजे तिचा एक दिवसाचा हंगाम बुडवणे होय. ज्यांना दुसरी सुटीच नसते, त्यांना मी रात्रीचेच जेवण मागायला आणि दुपारसाठी सकाळची भाकरी सोबत बांधून न्यायला सांगते.

डिसेंबरात मात्र सारे जुळून येते. धान्य घरात आलेले असते, माणसांना उसंत असते. नवा तांदूळ, नवी नागली, नवा उडीद आणि हुलगा, ताजी खुरासणी, कुडावर घेवडा, झाडावर वाल, बांधावर तुरीच्या हिरव्या शेंगा आणि माळ्यावर उतरवून ठेवलेले लाल भोपळे, असा तो महिना असतो. ओलावा टिकलेल्या जागी मेथी आणि मुळाही असतो. फेब्रुवारी उजाडला की वेल वाळतात आणि मग कडधान्ये, वाळवणे आणि चटण्या यांवर घर चालते. मे महिन्याच्या शेवटी काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्याला मोठी गर्दी लोटते. काजव्यांचे दृश्य विलक्षण असते यात शंका नाही, परंतु परसातील भाजीच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत रिकामा काळ तोच होय.

व्यवस्था खरी आहे की नुसती तशी सांगितली जाते, हे ओळखण्याचे काही मार्ग आहेत. फोनवर भाज्यांची लांबलचक यादी वाचून दाखवली गेली आणि तीत पनीर, फ्लॉवर किंवा हिरवा वाटाणा असेल, तर ते जेवण बाजारातून येणार हे उघड आहे. त्याउलट "घेवडा आहे, भोपळा आहे, बाकी आल्यावर पाहू" असे तुटक उत्तर आले, तर बहुधा आपण योग्य घरी फोन केला आहे. पोहोचल्यावर मी सहज बियाणे दाखवायला सांगते. ज्या घरात परसबाग खरी आहे, तिथे राखेत घोळलेले बी गाडग्यात किंवा डब्यात ठेवलेले असते, दोडका-काकडीचे एखादे जून फळ आढ्याला टांगलेले असते आणि ते दाखवताना घरातील बाईच्या बोलण्याला वेगळाच उत्साह येतो. तरीही शंभर टक्क्यांचा हट्ट धरू नये. मीठ, साखर, चहा, बरेचदा कांदा आणि बहुतेक घरांत तेलही बाजारातूनच येते. तांदळाचेही तसेच आहे. काळभात, जिरवेल, रायभोग ही जुनी वाणे काही घरांनी जपली आहेत, परंतु पुष्कळ खाचरांत आता इंद्रायणी लावतात. इंद्रायणीचा भात आपल्या पानात आला, तर तो त्याच घरच्या खाचरातील आहे एवढे समाधान पुरेसे आहे.

बियाण्याच्या या विषयासाठीच मी आपला पहिला दिवस थोड्या लांबच्या वाटेने आखते. पुण्याहून सकाळी लवकर निघून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेरमार्गे अकोल्याला यावे आणि तालुक्यातीलच कोंभाळणे या गावी जावे. पद्मश्री राहीबाई पोपेरे यांची देशी वाणांची बियाणे बँक तिथे आहे. महादेव कोळी समाजातील, शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान घेवडे, वाल, भात आणि भाजीपाल्याची वाणे जमवून जपली. बाएफ या संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि 2020 च्या पद्म पुरस्कारांत त्यांचे नाव आले. ते त्यांचे घर आणि काम करण्याची जागा आहे. त्यामुळे आधी विचारून, सोयीची वेळ घेऊनच जावे, आणि नकार आल्यास तो मानावा. घेवड्याच्या बियांचे रंग आणि ठिपके एकमेकांपासून किती वेगळे असतात हे मुलांनी तिथे पाहिले, की पुढचे तीन दिवस ती पानातील शेंगेकडे निराळ्या नजरेने पाहतात. मी अनेक मुलांबाबत हे अनुभवले आहे.

तिथून राजूरमार्गे संध्याकाळपर्यंत रतनवाडीला पोहोचता येते. हा पहिला मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा. धरणाच्या जलाशयाच्या अगदी वरच्या टोकाला हे गाव आहे आणि गावात अमृतेश्वराचे शिलाहारकालीन मंदिर आहे. त्याच्या दगडावरील कोरीवकाम संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावे. शेजारी पुष्करणी आहे. आई-वडिलांना ही वाट पूर्ण सपाट आहे आणि दुसऱ्या दिवशी आपण गडावर असताना त्यांचा वेळही इथे उत्तम जातो. त्यांना हौस असेल तर परसात शेंगा खुडायला किंवा निवडायला बसू द्यावे. माझ्या गटांतील वडीलधाऱ्यांना गडापेक्षा तो तासच अधिक लक्षात राहिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी रतनगड. उंची 1297 मीटर, पायथ्यापासून वर जायला मुलांसह साधारण तीन तास. वाट प्रवरेच्या पात्रालगत सुरू होऊन दाट झाडीत शिरते आणि शेवटच्या टप्प्यात कड्यावर लोखंडी शिड्या आहेत. डिसेंबरात शिड्या कोरड्या असतात, त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलाला अडचण नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या पुढे एक आणि मागे एक मोठे माणूस असावे आणि गावातील वाटाड्या घ्यावाच. वर गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, गुहा आणि सर्वांत वर नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक आहे. नेढ्यात वारा जोराचा असतो, मुलांना कडेला जाऊ देऊ नये. तिथून एका बाजूला भंडारदऱ्याचे पाणी आणि कळसूबाईची रांग, दुसऱ्या बाजूला कोकणात कोसळलेले कडे दिसतात. खाली पाहिलेत तर आदल्या रात्री आपण जो भात खाल्ला त्याची कापून झालेली खाचरे पायऱ्यांसारखी उतरत गेलेली दिसतील. मी गटाला तिथेच बसवून सकाळी बांधून दिलेली नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खायला लावते. खुरासणी भाजून, लसूण-मिरचीसह पाट्यावर वाटलेली ही चटणी किंचित कडवट असते आणि चालून आलेल्या माणसाला ती फार रुचते.

इथे चुलीचे गणित सांगणे आवश्यक आहे, कारण शहरी माणसाच्या ते लक्षात येत नाही. एक भाकरी थापून, तव्यावर भाजून, निखाऱ्यावर फुगवून निघायला तीन-चार मिनिटे लागतात. आपले सहा जण आणि घरातील पाच जण यांना मिळून पंचवीसेक भाकऱ्या लागतात, म्हणजे सुमारे दीड तास एक बाई चुलीसमोर बसलेली असते. भाकरी गरम हवी असेल तर ती आपण पोहोचण्याच्या वेळीच होणार, आणि आपण तीन तास उशिरा उतरलात तर ती दोनदा चूल पेटवणार. म्हणून सकाळी साडेसहाला निघून दोनपर्यंत परत, असा वेळ ठरवावा आणि तो पाळावा. उशीर होणार असल्यास वाटाड्याच्या फोनवरून कळवावे. रेंज सर्वत्र नसते, त्यामुळे गडावर जिथे मिळेल तिथूनच कळवून टाकावे. चालण्याचा पल्ला मी नेहमी या वेळेवरून ठरवते, नकाशावरून नव्हे. नेढ्यापर्यंत पोहोचायला अर्धा तास कमी पडत असेल तर मी नेढे सोडून देते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सावकाश निघून पाचनईला जावे. वाटेत राजूरला थांबता येते. पाचनईचे घर जरा वेगळे वाटेल. हे गाव मुळेच्या खोऱ्यात, हरिश्चंद्रगडाच्या थेट कुशीत आहे. संध्याकाळी गावातच फिरावे, कारण चौथ्या दिवशी लवकर उठायचे आहे. या रात्रीसाठी मी हुलग्याचे शेंगोळे आवर्जून सुचवते. हुलग्याचे पीठ लसूण-तिखट घालून मळतात, त्याची वेढणी करतात आणि ती उकळत्या रश्श्यात शिजवतात. डिसेंबरातल्या थंडीत यासारखे ऊबदार जेवण नाही, आणि ते करताना मुलांना वेढणी वळायला बसवले तर घरातील मुलांशी त्यांची ओळखही होते. दुसरा पदार्थ उडदाचे घुटे. नव्या उडदाची डाळ शिजवून, घोटून, वरून लसणाची फोडणी दिलेले हे घुटे नव्या तांदळाच्या भातावर घेतात. आई-वडिलांना तिखट चालत नसेल तर आधीच सांगावे. पान वाढल्यावर सांगितले तर त्या घराला अवघडल्यासारखे होते.

हरिश्चंद्रगडावर जायला अनेक वाटा आहेत. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांब आहे, नळीची वाट केवळ अनुभवी गिर्यारोहकांसाठी आहे. पाचनईची वाट सर्वांत सोपी असून दोन-अडीच तासांत मंदिरापाशी पोहोचवते. काही अंतर ती कातळभिंतीच्या पोटाखालून जाते. वडिलांचे गुडघे चांगले असतील तर तेही सावकाश येऊ शकतील. परंतु उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो, म्हणून काठी घ्यावी आणि शंका असल्यास येऊ नये. वर हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, सप्ततीर्थ पुष्करणी आणि केदारेश्वराची गुहा आहे. गुहेत पाण्याने वेढलेले मोठे शिवलिंग आहे आणि त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. पाणी अतिशय थंड असते. तिथून कोकणकड्यावर जाऊन यायला आणखी वेळ लागतो. तो अंतर्वक्र कडा पाहिल्याशिवाय परत फिरू नये, पण काठापासून दूर राहून पाहावा. मुलांना पोटावर झोपवून खाली डोकावायला लावण्याची जी प्रथा दिसते, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. दुपारी पाचनईत जेवून कोतूळ, ब्राह्मणवाडामार्गे पुण्याकडे निघता येते.

कळसूबाई मी यादीत धरलेले नाही, याचे आपल्याला नवल वाटेल. 1646 मीटर उंचीचे ते महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे आणि बारी गावाहून त्याची वाटही चांगली आहे, परंतु शनिवार-रविवारी तिथल्या शिड्यांवर रांगा लागतात, आणि तो चढ मुलांसाठी रतनगडाहून अधिक दमवणारा आहे. चार दिवसांत तीन शिखरे करायला गेल्यास जेवणाच्या वेळा कोलमडतात. साम्रदजवळची सांदण दरीही याच कारणाने वगळली आहे. शिवाय डिसेंबरात तिच्या आतल्या डोहांत पाणी असते आणि नऊ वर्षांच्या मुलाला ते झेपणारे नाही.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. घर ठरवताना निदान आठ दिवस आधी फोन करावा, माणसांची संख्या आणि पथ्ये सांगावीत, पदार्थ सांगू नयेत. दर ते सांगतील तो मान्य करावा, घासाघीस करू नये, आणि पैसे शक्यतो स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हाती द्यावेत. वाटाड्याचे पैसे वेगळे. घरून मसाल्याची पाकिटे, लोणची, फरसाण घेऊन जाऊ नये. दोन घासांनंतर मुले त्याच पाकिटाकडे वळतात आणि मग वाढलेले पानात राहते. मुलांना नागलीची सवय नसेल तर निघण्यापूर्वी पंधरा दिवस घरी आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी करावी. पिण्याचे पाणी उकळून मागावे, त्यात कोणालाही गैर वाटत नाही. वरच्या गावांत डिसेंबरच्या रात्री कडाक्याच्या असतात, त्यामुळे आई-वडिलांसाठी पुरेशी पांघरुणे आहेत का हे विचारावे आणि शौचालय घरात आहे की बाहेर हेही स्पष्टपणे विचारावे. हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनविभागाच्या नाक्यावर शुल्क भरावे लागते, गडावर आग पेटवणे आणि प्लास्टिक टाकणे दोन्ही टाळावे.

रानातून स्वतः काही खुडू नये, हेही सांगून ठेवते. डिसेंबरात रानभाज्या जवळजवळ नसतातच, परंतु आपण पुढे कधी पावसाळ्यात गेलात तर हे ध्यानात ठेवावे. खाण्याजोग्या कंदा-पानांशेजारीच कळलावीसारखी विषारी वनस्पती वाढते. शेवळासारख्या भाजीत काकडाचे फळ किंवा तत्सम आंबट घातल्याशिवाय घसा खाजतो, भारंगीचे पहिले उकळलेले पाणी फेकून द्यावे लागते. हे ज्ञान त्या बायकांच्या हातात आहे. मोबाइलवरील छायाचित्रावरून भाजी ओळखण्याचा प्रयोग माझ्यासमोर एकदा उलट्यांपर्यंत गेला होता.

निघताना बहुतेक घरांतून मूठभर बी हातावर ठेवले जाते. ते घ्यावे, पण कोणत्या वेलाचे आहे, कधी लावायचे आणि किती वाढतो हे विचारून, कागदाच्या पुडीवर लिहून घ्यावे. घेवड्याचे बी पुण्यात मोठ्या कुंडीत किंवा इमारतीच्या आवारातील मातीत मृगाच्या पावसावर टोकावे आणि वेलाला गच्चीच्या कठड्याचा नाही तर जाळीचा आधार द्यावा. दिवाळीच्या आसपास फुले येतात. पहिल्या बहरातील निरोगी, भरदार चार-सहा शेंगांना दोरा बांधून त्या वेलावरच पूर्ण वाळू द्याव्यात आणि बी राखेत घोळून कोरड्या बरणीत ठेवावे. या भागात बियाण्याच्या देवघेवीत घेतल्याच्या दुप्पट परत करण्याची रीत आहे. पुढच्या डिसेंबरात आपण पुन्हा जाणार असाल तर दोन मुठी घेऊन जाव्यात. ज्या वाडीतील वेल माझ्यामुळे गेला, तिथे दुसऱ्या गावातून मिळालेले पांढऱ्या घेवड्याचे बी मी तीन वर्षांनी नेऊन दिले. आता तो वेल त्याच कुडावर आहे, आणि आपल्याला त्या घराचा पत्ता देताना मी तिथे आधी विचारून घेईन.